‘येते’ म्हणून जाणारी

मला राग लवकर येतो. हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं, कारण पुढे जे सांगणार आहे त्यात मी दोन-तीन ठिकाणी भडकले आहे आणि त्यातल्या निदान दोन ठिकाणी चूक माझीच होती.

वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी मी नर्सिंगला जायचं ठरवलं. लंडनजवळच्या स्लाऊमध्ये येऊन तेव्हा मला सोळा वर्षं झाली होती. नवऱ्याची सॉफ्टवेअरमधली नोकरी, त्याच्या व्हिसावर मी आले, मुलगी इथेच झाली आणि ती शाळेत जायला लागल्यावर मी तिच्याच शाळेत डिनर लेडी म्हणून लागले. डिनर लेडी म्हणजे दुपारी मुलांना जेवण वाढणारी बाई. दुपारच्या जेवणाला डिनर का म्हणतात हे मला अजून कुणी नीट समजावलेलं नाही. नाशिकमध्ये बी.कॉम.ला पहिल्या वर्गात आलेली मी, इथे नऊ वर्षं मटार वाढले. उकडलेले, बिनमिठाचे मटार.

एका दुपारी दुसरीतल्या एका मुलीचा चेहरा जेवता जेवता सुजायला लागला. तिला दाण्यांची ॲलर्जी होती आणि कुणाच्या तरी डब्यातल्या दाण्याच्या बिस्किटाचा तुकडा तिच्या तोंडात गेला होता. बाकीच्या बाया ओरडत होत्या. मी ऑफिसात धावले, तिच्या नावाचं इंजेक्शनचं पेन आणलं, तिच्या मांडीवर दाबून धरलं आणि मोठ्यानं दहा आकडे मोजले, मराठीत. ॲम्ब्युलन्समधून आलेल्या बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘तू नर्स आहेस का?’’ मी नाही म्हटलं. ती म्हणाली, ‘‘मग व्हायला हवं होतंस.’’ तिनं ते जाता जाता म्हटलं असेल, पण मी ते घरी घेऊन आले.

आमच्या गावच्या कॉलेजात आधी एक वर्षाचा प्रवेशाचा कोर्स होता आणि तो पार पडला तर तीन वर्षांची डिग्री. वर्ग कॉलेजात, सर्टिफिकेट युनिव्हर्सिटीचं. ‘कॉलेज’ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दगडी इमारत आणि कट्ट्यावर बसलेली तरुण पोरं यायची. इथे खालच्या मजल्यावर गवंडीकाम शिकणारी मुलं सोमवारी विटांची भिंत बांधायची आणि शुक्रवारी पाडायची. मधल्या मजल्यावर केस कापायला शिकणाऱ्या मुली होत्या. त्यांना सरावाला डोकी लागत आणि आमच्या वर्गातल्या निम्म्या बायकांचे केस त्यांनी एकदा तरी बिघडवले, माझेही. वरच्या मजल्यावर आम्ही, आमचे सहा पलंग आणि त्यांवर पडलेले प्लॅस्टिकचे सहा पेशंट.

मी आणि मुलगी जेवणाच्या टेबलावर समोरासमोर अभ्यासाला बसायचो. तिच्या पुस्तकात हृदयाचे चार कप्पे होते, माझ्या पुस्तकात त्या कप्प्यांना होणारे सगळे आजार. नवरा दोघींना चहा करून द्यायचा आणि स्वतः किचनमध्ये उभ्यानं प्यायचा, कारण टेबलावर कप ठेवायला जागाच नसायची.

औषधाच्या डोसाच्या गणिताची एक परीक्षा असते. तिला शंभरपैकी शंभर लागतात, नव्याण्णव म्हणजे नापास, आणि ते बरोबरच आहे. माझ्या वडिलांनी मला पावकी, निमकी, पाऊणकी, सगळे पाढे घोकायला लावले होते. तेव्हा मी रडायचे. परीक्षेच्या दिवशी बाकीचे कॅल्क्युलेटरशी झटापट करत होते आणि माझ्या ओठांवर उत्तर आधीच आलेलं असायचं, मराठीत. शंभरपैकी शंभर. घरी येऊन वडिलांच्या फोटोसमोर मी तो कागद ठेवला आणि जरा वेळ तिथेच उभी राहिले. मला माझा अभिमान वाटला. असं लिहू नये म्हणतात, पण वाटला.

आईला फोन केला. आई नाशिकला आमच्या फ्लॅटमध्ये एकटी असते. दर रविवारी दुपारी आमचं बोलणं होतं आणि दर रविवारी ते एकाच ठिकाणी संपतं.

‘‘ये गं एकदा,’’ आई म्हणते.

‘‘हो आई, येते,’’ मी म्हणते.

शेवटची गेले त्याला पाच वर्षं होत आली होती. आधी कोविडमुळे विमानं बंद होती, मग कॉलेज सुरू झालं. आईनं कधी पुढचं काही विचारलं नाही.

नर्सिंगच्या डिग्रीतला निम्मा वेळ हॉस्पिटलच्या वॉर्डांत जातो. त्याला प्लेसमेंट म्हणतात. तिथे एक अनुभवी नर्स आपल्यावर लक्ष ठेवते, तिला असेसर म्हणायचं, आणि शेवटी तिनं सही केली तरच पुढे जाता येतं. सही झाली नाही तर आणखी एक संधी मिळते. त्यातही झाली नाही तर कोर्स संपला, घरी जा.

दुसऱ्या वर्षी माझी सही झाली नाही. बाकी सगळ्या रकान्यांत बरं लिहिलं होतं, एकाच ठिकाणी अडलं. संवाद. खाली एक ओळ होती: पेशंटना हिच्या शब्दाचा भरवसा वाटत नाही.

मी इतकी भडकले की बसमधून दोन स्टॉप आधीच उतरून चालत घरी आले. शब्दाचा भरवसा म्हणजे काय? मी काय खोटं बोलते? मग मीच अर्थ लावला: हे माझ्या उच्चारांबद्दल आहे, सरळ लिहायची लाज वाटली म्हणून असं आडून लिहिलंय. पुढचे दोन महिने मी आरशासमोर उभी राहून ओठ चावत घोकत होते. शीर म्हणजे ‘व्हेन’, केव्हा म्हणजे ‘वेन’. व्हेन, वेन. मुलगी बाथरूमच्या दाराबाहेर उभी राहून मोठ्यानं हसायची.

मग दुसरी आणि शेवटची संधी आली. म्हाताऱ्या माणसांच्या मोडलेल्या हाडांचा वॉर्ड, आठ आठवडे. माझी असेसर तीस वर्षांपूर्वी घानाहून आलेली उंच बाई होती. बुटांचा आवाज न करता चालायची आणि कुठलाही कागद वाचताना चष्मा कपाळावर चढवायची. पहिल्या दिवशी तिनं माझे हात बघितले. मनगटापासून कोपरापर्यंत काही चालत नाही, तसा नियमच आहे, तेव्हा बांगड्या मी घरीच काढून ठेवल्या होत्या. तिनं मान हलवली आणि म्हणाली, ‘‘मागचा रिपोर्ट मी वाचलाय. मला तो खराही धरायचा नाही आणि खोडूनही काढायचा नाही. मी स्वतः बघेन.’’

त्या वॉर्डात मला दिलेल्या सहा पेशंटांत खिडकीजवळ एक बाई होती, ब्याऐंशी वर्षांची, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेली. ट्रेडिंग इस्टेट म्हणजे इथली एमआयडीसी, तिथल्या चॉकलेटच्या कारखान्यात तिनं आयुष्यभर डबे भरले होते आणि आता चॉकलेटचा वासही तिला सहन व्हायचा नाही. मी मनात तिला आजी म्हणायचे. ती मला ‘लव्ह’ म्हणायची, पण ती तर लादी पुसणाऱ्यालाही लव्ह म्हणायची. कुणाला त्रास देणं तिला जमत नसे. बेल हाताशी असायची, पण ती वाजवायची नाही.

मी त्या वॉर्डात जीव तोडून काम करत होते. कुणाला किती साखर लागते, कुणाला कुठल्या कानानं ऐकू येतं, सगळं तोंडपाठ. चार आठवडे झाले, अर्धी प्लेसमेंट झाली आणि असेसरनं मला छोट्या ऑफिसात बोलावलं. मला वाटलं कौतुक करणार. मी चक्क केस सारखे केले.

तिनं दार लावलं. चष्मा कपाळावर चढवला.

‘‘तीन पेशंटनी मला वेगवेगळ्या वेळी एकच सांगितलंय,’’ ती म्हणाली. ‘‘तू परत येते म्हणतेस आणि येत नाहीस.’’

‘‘मी असं कधीच केलेलं नाही.’’

‘‘काल सकाळी खिडकीजवळच्या बाईंनी तुला सांगितलं की थोड्या वेळात त्यांना टॉयलेटला जावं लागेल. तू म्हणालीस, आय ॲम कमिंग. त्या थांबल्या. चाळीस मिनिटं. तू दुसऱ्या बिल्डिंगमध्ये लेक्चरला बसली होतीस. त्यांनी बेल वाजवली नाही, कारण ती मुलगी येणार आहे म्हणाल्या, कामात असेल बिचारी. त्यांचा पलंग ओला झाला. त्या मला काही सांगायला तयार नव्हत्या. रडत होत्या म्हणून मी विचारलं.’’

मी म्हटलं, ‘‘मला वाटलं, त्या बेल वाजवतील. मी काही कबूल केलं नव्हतं.’’

‘‘तू कमिंग म्हणाली नाहीस?’’

मला खरोखर आठवत नव्हतं. मी पुन्हा भडकले, या वेळी मोठ्यानं. म्हटलं, मी खोटं बोलणाऱ्यातली नाही, माझे उच्चार कुणाला कळत नसतील तर तो माझा गुन्हा नाही. असेसरनं कागदावर लिहिलं: उरलेल्या चार आठवड्यांत पेशंटना दिलेला शब्द पाळते हे दाखवून द्यायचं, नाही तर नापास. आणि तो कागद माझ्याकडे सहीसाठी सरकवला. मी सही केली. पेन इतकं दाबलं की खालच्या कागदावरही उमटलं.

संध्याकाळी घरी टेबलाशी मी पुस्तक न उघडताच बसले होते. नवरा म्हणाला, ‘‘हे बघ, यू टेक थिंग्ज टू पर्सनली.’’ त्याच्याकडे मी असं बघितलं की तो भांडी घासायला गेला. मुलगी तेव्हा सतरा वर्षांची होती. तिचं मराठी घरापुरतं आहे, शब्दांची लिंगं ती अंदाजानं ठोकून देते. तिनं सगळं ऐकलं आणि हसायलाच लागली.

‘‘आई, तू ते सगळीकडेच करते.’’

‘‘काय करते?’’

‘‘तू जाताना आय ॲम कमिंग म्हणते. लिटरली, बाहेर जाताना. पोस्ट ऑफिसमध्ये पण. त्या काउंटरवरची माणूस तुझी वाट बघत असेल अजून.’’

‘‘मी ‘येते’ म्हणते. येते म्हणूनच जायचं असतं.’’

‘‘इन मराठी! आय नो. पण इंग्लिशमध्ये दॅट मीन्स तू येणार आहेस. लगेच. आई, नर्सरीत तुला आठवत नाही? तू मला ड्रॉप करून मिसला म्हणायची, ओके, आय ॲम कमिंग. मिस माझी कोट काढायचीच नाही. तिला वाटायचं, तू कार पार्क करून परत येणार. मी कोट घालून बसायचे, स्नॅक टाइमपर्यंत. आय थॉट तेच रूल आहे.’’

ती हसत होती. मला हसू आलं नाही. तीन वर्षांचं माझं पोर बंद खोलीत कोट घालून दाराकडे तोंड करून बसलंय, हे मला दिसायला लागलं. आणि त्याच्यामागे खिडकीजवळची आजी.

मराठी वाचणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. आमच्या घरी ‘जाते’ कुणी म्हणायचं नाही. लहानपणी शाळेला निघताना ‘जाते गं’ तोंडातून निघालं तर आई लाटणं हातात घेऊन दारापर्यंत यायची. ‘येते म्हण आधी.’ म्हटल्याशिवाय पाय उंबऱ्याबाहेर पडायचा नाही. ‘गेली’ हे फक्त मेलेल्या माणसाबद्दल बोलतात. इतकं ते अंगात मुरलेलं की इंग्रजी बोलतानासुद्धा माझ्या तोंडातून तेच निघत होतं, फक्त कपडे बदलून. अठरा-एकोणीस वर्षं मी या देशात प्रत्येकाला, लगेच येते, असं सांगून पाठ फिरवत होते. मागच्या वॉर्डातल्या त्या असेसरनं लिहिलेली ओळ अक्षरशः खरी होती. पेशंटना माझ्या शब्दाचा भरवसा वाटत नव्हता, कारण माझा शब्दच खोटा ठरत होता.

सकाळी ड्यूटीच्या आधी मी असेसरला गाठलं आणि सगळं सांगितलं, नर्सरीच्या कोटासकट. ती भिंतीला टेकून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हणाली, ‘‘अगं, घानात आम्हीपण तेच म्हणतो! खोलीतून बाहेर पडताना, आय ॲम कमिंग. इथे पहिल्या वर्षी एका डॉक्टरला मी फोनवर ताटकळत ठेवलं होतं.’’ मला इतकं हलकं वाटलं की मीही हसले.

मग ती हसायची थांबली. डोळे पुसले. ‘‘कारण चांगलं आहे,’’ ती म्हणाली, ‘‘पण कारणानं चादर वाळत नाही. त्यांना जाऊन सांग.’’

मी आजीच्या पलंगाशी खुर्ची ओढून बसले. माफी मागायची मला सवय नाही, नवऱ्याला विचारा. म्हटलं, त्या दिवशी तुम्ही माझी वाट बघत राहिलात, चूक माझी होती, तुमची नाही. मग येते-जातेचं सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती.

‘‘म्हणजे तू जातेस तेव्हा येते म्हणतेस.’’

‘‘हो.’’

‘‘आणि जाते कधी म्हणता?’’

‘‘म्हणतच नाही. गेलं म्हणजे मेलं.’’

ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर कार पार्कच होता. मग म्हणाली, ‘‘माझा नवरा सकाळी कामाला निघताना म्हणायचा, राइट, आय ॲम ऑफ, निघालो मी. चाळीस वर्षं रोज. एक दिवस तसंच म्हणून गेला आणि बसस्टॉपवरच...’’ तिनं बोटानं हवेत एक छोटी रेघ ओढली. ‘‘तुमचं बरं आहे, लव्ह. पण मला तुझ्या मनातलं कसं कळणार? मला फक्त सांग, केव्हा येणार.’’

केव्हा. दोन महिने आरशासमोर घोकलेला शब्द. उच्चार करायला शिकले होते, विचारायला आणि सांगायला नाही.

त्या दिवसापासून मी प्रत्येक पलंगापासून उठताना म्हणायला लागले: मी आता जाते. दहा वाजून वीस मिनिटांनी येईन, तुमच्या गोळ्या घेऊन. मध्ये काही लागलं तर ही बेल, आणि ती वाजवायचीच. आणि पलंगामागच्या पांढऱ्या फळ्यावर तो आकडा लिहायचे. ऐकायला सोपं वाटतं. पण ‘जाते’ म्हणताना पहिले काही दिवस माझी जीभ अडखळायची. म्हाताऱ्या आजारी माणसांच्या उशाशी उभं राहून दिवसातून पन्नास वेळा अभद्र बोलायचं! पाठ फिरल्यावर मी पुटपुटून मराठीत ‘येते’ म्हणून घ्यायचे, आपली तेवढी सोय. आणि लिहिलेली वेळ पाळायला मी जी धावायचे! एकदा दहा एकोणीसला लिफ्ट बंद पडली तर तीन मजले जिन्यानं चढले. आजी घड्याळाकडे बघत होती. ‘‘वीस सेकंद राहिलेत,’’ ती म्हणाली. ती आता माझी परीक्षा घ्यायला लागली होती आणि तिला त्यात मजा यायला लागली होती.

आठवड्याभरात शेजारच्या पलंगावरचे आजोबा दुसऱ्या नर्सला विचारायला लागले, ‘‘माझा आकडा कुठाय?’’ दुसऱ्या आठवड्यात असेसरनं सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं, आजपासून या बाजूच्या सहाही पलंगांना प्रत्येकानं फळ्यावर वेळ लिहायची. माझं नाव घेतलं नाही. मी मागे उभी होते, हातमोज्यांच्या खोक्याशी. खाली मान घालून उभी राहिले, कारण चेहऱ्यावरचं हसू आवरत नव्हतं. मटार वाढणारी बाई मी. माझ्या एका चुकीतून त्या वॉर्डाची एक पद्धत तयार झाली होती. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे, मी ती पुन्हा मारीन.

सातव्या आठवड्यात आजी घरी निघाली. वॉकर घेऊन ती स्वतः चालत दारापर्यंत गेली, तिथे चाकाची खुर्ची घेऊन माणूस उभा होता. आजीनं कोट घातलेला, केस विंचरलेले, लिपस्टिकसुद्धा. खुर्चीत बसल्यावर तिनं माझा हात धरला, गालात हसली आणि तयारी करून आल्यासारखं मोठ्यानं म्हणाली, ‘‘राइट, लव्ह. आय ॲम कमिंग!’’

तिनं माझ्यासाठी ते लक्षात ठेवलं होतं. पण त्याच क्षणी मला कळलं की हे तिला इथे म्हणू देता कामा नये. परत यायचं? इथे? पुन्हा हाड मोडून?

‘‘नाही,’’ मी म्हटलं. ‘‘येऊ नका. जा तुम्ही. जा.’’

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तोंडावर जा म्हटलं, आणि इतक्या प्रेमानं मी कुणाला ये-सुद्धा म्हटलं नसेल. ती खदखदून हसली. खुर्ची कॉरिडॉरच्या वळणापर्यंत गेली तरी तिचा हात वर होता.

शेवटच्या दिवशी असेसरनं पुन्हा त्या छोट्या ऑफिसात बोलावलं. या वेळी मी केस सारखे केले नाहीत. प्रत्येक विद्यार्थिनीबद्दल एका पेशंटचं मत घ्यायचं असतं, त्याचा एक फॉर्म असतो. आजीनं घरी जायच्या आधी माझा फॉर्म भरून ठेवला होता, मला न सांगता. असेसरनं चष्मा कपाळावर चढवला आणि तो माझ्यापुढे धरला. थरथरत्या अक्षरात एकच ओळ होती: ती जाते म्हणाली आणि परत आली, प्रत्येक वेळी.

खाली असेसरनं सही केली. तिचंही पेन खालच्या कागदावर उमटलं.

मी बसस्टॉपवर रडले, घरी येऊन नवऱ्याला आणि मुलीला मिठी मारली आणि मग, शुक्रवार असूनही, आईला फोन लावला. नाशिकला तेव्हा रात्रीच्या जेवणाची वेळ होती. आईला सगळं पहिल्यापासून सांगितलं. आजीची ओळ मराठीत करून वाचून दाखवली. आता कौतुक ऐकायला मी कान टवकारून बसले.

‘‘जाते म्हणालीस?’’ आई म्हणाली. ‘‘आजारी माणसांसमोर? असं बोलू नये गं.’’

‘‘आई, मुद्दा तो नाही...’’

‘‘मला कळला मुद्दा.’’ आई म्हणाली. ‘‘प्रत्येक वेळी परत आलीस ना?’’

‘‘प्रत्येक वेळी.’’

‘‘मग शहाणी आहेस. तुझ्या बाबांना आवडलं असतं.’’ मागे कुकरची शिट्टी झाली. ‘‘चल, ठेवते. ये गं एकदा.’’

‘‘हो आई, ये...’’

शब्द अर्धा निघाला आणि घशातच थांबला. पाच वर्षं दर रविवारी मी तिला हेच सांगत होते. एअरपोर्टवर तिच्या गळ्यात पडून हेच सांगून निघाले होते. आणि आईसुद्धा बेल वाजवणाऱ्यातली नाही.

मी टेबलावरून कॉलेजचं वेळापत्रक ओढलं. पुढची सुट्टी कुठली ते बघितलं. नवऱ्याकडे बघितलं, त्यानं मान हलवली.

‘‘आई, ठेवू नकोस. डिसेंबरचा दुसरा शनिवार. सकाळी अकरा वाजता मी दारात असेन. तीन आठवडे राहीन.’’

फोनवर खडखड झाली. मला वाटलं, लाइन गेली.

‘‘आई?’’

‘‘थांब,’’ ती म्हणाली. तिचा आवाज लांबून आला, फोन ओट्यावर ठेवला असावा. ‘‘थांब जरा. पेन कुठे ठेवलं मी... भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर लिहिते. हां, सांग आता. शनिवार. किती वाजता म्हणालीस?’’